सुमनबाईंची पिशवी कुणी नेली?

“पिशवीच नाहीये इथे,” मी म्हणालो.

ऑपरेशन टेबलापाशी असलं वाक्य मनातल्या मनात म्हणायचं असतं. मी ते मोठ्याने म्हणालो. माझा हात सुमनबाईंच्या पोटात मनगटापर्यंत गेलेला, लिव्हरच्या खालच्या अंगाला बोटं फिरतायत, आणि जिथे पित्ताशय असायला पाहिजे तिथे नुसतं गुळगुळीत लिव्हर लागतंय. जठर जागेवर, आतडी जागेवर. ज्याच्यासाठी आम्ही सगळे जमलो होतो तेवढंच गैरहजर.

ऐंशीचं दशक संपत आलं होतं. जागा उल्हासनगर कॅम्प चार, एका नर्सिंग होमचा पहिला मजला. खाली पॅन्ट-शर्ट शिवायचा कारखाना, त्यामुळे ऑपरेशन थिएटरच्या, म्हणजे आमच्या ओटीच्या, फरशीला कायम बारीक थरथर. मी फिरता सर्जन होतो. म्हणजे माझं स्वतःचं हॉस्पिटल नव्हतं. हत्यारांचा ड्रम, म्हणजे स्टीलचा गोल डबा, स्कूटरवर पायाशी ठेवायचा आणि उल्हासनगर, अंबरनाथ, बदलापूर या पट्ट्यात जो बोलावेल त्याच्याकडे जाऊन पोट उघडायचं, काम करायचं, शिवायचं आणि निघायचं. लग्नाच्या आचाऱ्यासारखं. भट्टी त्यांची, झारा आपला.

पित्ताशय म्हणजे काय ते आधी सांगून टाकतो, नाहीतर पुढची माझी तारांबळ तुम्हाला कळायची नाही. लिव्हर पित्त बनवतं. ते पित्त एका मोठ्या नळीतून आतड्यात जातं. या मोठ्या नळीला मध्येच एक बारका फाटा फुटतो आणि त्या फाट्याच्या टोकाला एक छोटी पिशवी असते. तीच पित्ताची पिशवी. लिव्हरच्या पोटाला, उजव्या बाजूला चिकटलेली. तिच्यात पित्त साठतं, आणि तुम्ही समोसा खाल्लात की ती आवळून ते पित्त आतड्यात सोडते. काहींच्या पिशवीत खडे होतात. मग पिशवी आवळली की कळ येते, आणि ती कळ ज्याला आलीय त्याला विचारा.

पिशवी काढून टाकली तरी माणसाचं काही अडत नाही. सर्जनने फक्त तो बारका फाटा बांधायचा आणि कापायचा. मोठ्या नळीला धक्का लावायचा नाही. ती चुकून बांधली किंवा कापली तर पित्ताला वाट राहत नाही, माणूस पिवळाधमक होतो, आणि मग एकामागून एक ऑपरेशनं करत राहायचं. त्या काळी त्यातून सुखरूप बाहेर पडलेले पेशंट मी फार पाहिले नाहीत. म्हणून या ऑपरेशनमध्ये सर्जनला भीती फक्त एकाच गोष्टीची. आपण बांधतोय तो फाटा की मोठी नळी?

सुमनबाई पस्तिशीच्या. तीन लेकरांची आई. नवरा विलास अंबरनाथला एमआयडीसीत केमिकलच्या कारखान्यात. सासू बारवी धरणाकडच्या गावातली, दातांची आणि शब्दांची धार दोन्ही शाबूत. वर्षभर बाई उजव्या बरगडीखाली हात दाबून स्वयंपाक करत होत्या. सोनोग्राफी झाली, पिशवीत खडे दिसले, रिपोर्ट आला. पिशवी नेमकी कुठल्या अंगाला आहे हे तेव्हा कोणी बघत नसे. उजवीकडेच असणार, आणखी कुठे जाणार?

पेशंट आणली होती डॉ. चांदवानींनी. चांदवानी म्हणजे कॅम्प चारचे फॅमिली डॉक्टर. निम्मी वस्ती त्यांची पेशंट, आणि उरलेली निम्मी त्यांची उधारीवरची पेशंट. मनाने राजा माणूस. सर्जरीतलं त्यांना ओ की ठो कळत नव्हतं, पण आपला पेशंट टेबलावर असेल तर ते स्वतः गाऊन, टोपी, मास्क चढवून समोर उभे राहायचे आणि रिट्रॅक्टर धरायचे. रिट्रॅक्टर म्हणजे जखमेच्या कडा आणि लिव्हर बाजूला खेचून धरायची पट्टी. माझा असिस्टंट म्हणजे तेच. दुसरा परवडत नव्हता.

आणि या चांदवानींचा एक रिवाज होता. ऑपरेशन चालू असताना मध्येच रिट्रॅक्टर सिस्टरकडे द्यायचा, ग्लोव्हज काढायचे, आणि बाहेर जाऊन नातेवाइकांना बातम्या द्यायच्या. “बेहोश हो गई, टेन्शन नहीं.” मग आत. थोड्या वेळाने पुन्हा बाहेर. “पेट खोल दिया, साफ-सुथरा है.” पुन्हा आत. “अब साब ने थैली पकड़ ली है.” बाहेर बाकावर बसलेली मंडळी क्रिकेटची कॉमेंटरी ऐकावी तशी ऐकायची. शेवटी मी काढलेली पिशवी ट्रेमध्ये घालून दाखवायचो, चांदवानी ती सुरीने चिरायचे, खडे बाहेर पडायचे, म्हाताऱ्या हात जोडायच्या. त्या भागात ट्रे दाखवल्याशिवाय ऑपरेशन झालं असं कोणी मानतच नसे. मला त्या कॉमेंटरीची चीड यायची. पण पेशंट कोण आणत होतं? मग बसा गप्प.

तर मी म्हणालो, “पिशवीच नाहीये इथे.” आणि पुन्हा वाकून लिव्हरखाली बघायला लागलो. मान वर केली तेव्हा समोर चांदवानींच्या जागी सिस्टर रिट्रॅक्टर धरून उभी.

“डॉक्टर कुठे गेले?”

“बाहेर,” सिस्टर म्हणाली.

 आधीच एक पिशवी सापडत नव्हती, त्यात हे.

डोक्याशी पेंडसेबाई बसल्या होत्या. आमच्या भूलतज्ज्ञ. कल्याणहून यायच्या. त्यांना कधी घाम फुटलेला मी पाहिला नाही. “साठे,” त्या म्हणाल्या, “नाडी उत्तम, प्रेशर उत्तम. बाईला काही घाई नाही. तुम्हालाच झालीये.”

मी श्वास घेतला आणि विचार करायला लागलो. एक, पिशवी जन्मतःच नसेल. अशी माणसं असतात, पण मग सोनोग्राफीवाल्याने खडे कशात बघितले? दोन, पिशवी लिव्हरच्या आत रुतून बसली असेल. चाचपून बघितलं, कुठे काही टणक लागेना. तीन, कोणीतरी आधीच काढली असेल. पण ती काढायला बरगडीखाली कापावं लागतं, आणि सुमनबाईंच्या पोटावर जुना व्रण एकच होता. बेंबीच्या खाली, दोन बोटांएवढा. कुटुंबनियोजनाचा. त्या भोकातून पित्ताशय काढायचं म्हणजे पोस्टाच्या पेटीतून कपाट बाहेर काढायचं.

दार उघडलं. चांदवानी आत आले. मास्कच्या वर डोळे तेवढे दिसत होते, पण त्या डोळ्यांत काहीतरी घोळ करून आल्याचं स्पष्ट दिसत होतं.

“साब, थोडा प्रॉब्लेम हुआ.”

“काय बोललात तुम्ही बाहेर?”

“कुछ नहीं साईं. जो आपने बोला वही बोला. थैली नहीं है.”

“आणि?”

“और पूछा, पहले किसी ने ऑपरेशन किया था क्या?” त्यांचा आवाज खाली खाली चालला होता. “हिस्ट्री लेनी पड़ती है ना साब.”

हिस्टरी! पोट उघडल्यावर हिस्टरी घेणारा हा पहिला डॉक्टर. बाहेर काय झालं असणार ते मला न सांगताच कळलं. सासूबाईंनी दोन आणि दोन एकत्र करून थेट बावीस केले होते. आधी कापलं कोणी? अंबरनाथच्या सबनीस डॉक्टरांनी. तिसऱ्या बाळंतपणानंतर, कुटुंबनियोजनाच्या वेळी. मग पिशवी कोणी नेली? सबनीस डॉक्टरांनी.

“अहो, ते बेंबीखाली होतं! तिथून पिशवी निघते का?”

“मैंने भी यही बोला साब. बुढ्ढी बोली, पोट येकच हाय ना?”

पेंडसेबाई डोक्याशी खुदकन हसल्या. मला मात्र हसू आलं नाही. सबनीसांना मी नावाने ओळखत होतो. अंबरनाथला त्यांचं मॅटर्निटी होम, साठीला आलेले, तापट, आणि सगळ्या पंचक्रोशीत मान. मी या भागात अजून नवा होतो. माझ्या टेबलावरून त्यांच्यावर पिशवी चोरल्याचा आळ गेला तर मला पुढे अंबरनाथमध्ये गळूसुद्धा फोडायला कोणी बोलावलं नसतं.

“जा आधी बाहेर,” मी ओरडलो. “थांबवा त्यांना!”

“वो तो गए साब. पति और उसके दो भाई. टेंपो लेकर.”

“मग निदान त्या म्हातारीला तरी समजवा!”

चांदवानी गेले आणि परत आलेच नाहीत. नंतर कळलं की सासूबाईंनी त्यांच्या गाऊनचा पदर मुठीत धरून त्यांना बाकावर बसवून ठेवलं होतं. “पिशवी गावल्याबिगर तू हितनं हलायचं नाय.” झालं, माझा असिस्टंट ओलीस.

आता आत उरलो मी, सिस्टर आणि पेंडसेबाई. एका हाताने रिट्रॅक्टर आणि दुसऱ्या हाताने मला हत्यारं देणं असं सिस्टरचं चाललं होतं. मी लिव्हरवर पुन्हा पहिल्यापासून हात फिरवला. या वेळी उजवीकडून सुरू न करता मधून. लिव्हरच्या मधोमध एक पातळ पडदा असतो, त्याच्या काठात एक दोरी. आईच्या पोटात असताना नाळेतून आलेली शीर तिथून जात असे, जन्मानंतर ती सुकते आणि दोरी होऊन राहते. लिव्हरचा उजवा भाग आणि डावा भाग यांच्यातली ही वेस. पिशवी नेहमी या दोरीच्या उजवीकडे असते. कॉलेजात तसं शिकवतात, परीक्षेत तसं लिहितात, चित्रात तशीच दाखवतात.

माझी बोटं दोरीच्या पलीकडे घसरली. डावीकडे. आणि तिथे काहीतरी फुगलेलं, ताणलेलं, आत कुरकुरणारं लागलं. गोट्या भरलेली पिशवी बोटांखाली जशी लागते अगदी तशी.

“सापडली!” मी म्हणालो. “डावीकडे बसलीये!”

“बघू,” पेंडसेबाई उठून पेशंटच्या तोंडापुढे लावलेल्या कापडी पडद्यावरून डोकावल्या. “अगं बाई! सिस्टर, बघा तर.”

खरं सांगतो, त्या क्षणी मला त्या पिशवीचा राग आला. इतका वेळ आम्ही तिला उजवीकडे शोधतोय आणि ही बाई पलीकडच्या आळीत राहायला गेलेली. आता पंचाईत अशी की मी पोट उघडलं होतं उजवीकडे. पिशवी डावीकडे. मी छेद मधल्या रेषेपलीकडे वाढवला, तरी लिव्हरचा डावा भाग वर उचलून धरायला दुसरा दणकट हात हवाच होता. सिस्टरच्या हातात आधीच हत्यारं. एका हाताने लिव्हर उचलून दुसऱ्या हाताने मोठ्या नळीच्या शेजारी काम करायचं, तेही जिथे एकही गोष्ट पुस्तकातल्या जागेवर नाही तिथे, असला धाडसीपणा करायला मी तयार नव्हतो. जमेल तेवढं हळूहळू सोडवत बसलो. ओल्या टॉवेलने आतडी झाकली. घड्याळाकडे बघायचं टाळलं.

आणि बाहेर आरडाओरडा सुरू झाला.

ओटीचं दार धाडकन उघडलं. दारात एक पांढऱ्या केसांचे गृहस्थ. शर्ट अर्धा बाहेर, गळ्यात स्टेथोस्कोप, पायात काही नाही. त्यांच्या मागे विलास आणि त्याचे दोघे भाऊ.

“कोण आहे रे तो,” गृहस्थ गरजले, “मी पित्ताशय काढलं म्हणणारा?”

सबनीस. त्यांच्या ओपीडीतून त्यांना उचलून आणलं होतं. समोर गरोदर बायकांची रांग बसलेली असताना. टेंपोत पुढे दोन दिरांच्या मध्ये बसवून.

“सर, मी साठे. मी तसं म्हणालो नाही,” मी म्हणालो. “पिशवी सापडलीये. इथेच आहे. डावीकडे.”

“ऐकलंत?” ते मागे वळून त्या तिघांवर खेकसले. “इथेच आहे! मूर्खांनो!” मग माझ्याकडे. “डावीकडे? डावीकडे कशी असेल?”

“तेच मीही विचारतोय. सर, तुम्ही जरा हात धुता का?”

“काय?”

“लिव्हर उचलून धरायला कोणी नाही.”

क्षणभर वाटलं, आता हा माणूस मला माझ्याच रिट्रॅक्टरने बडवणार. त्यांनी मला वरपासून खालपर्यंत पाहिलं, टेबलावरच्या बाईकडे पाहिलं. “सुमन आहे होय ही? हिचं तिसरं पोरगं पायाळू होतं. फार छळलं होतं मला.” आणि बाह्या सरसावत सिंककडे वळले. “टेंपोत चपला निसटल्या, त्यासुद्धा घालू दिल्या नाहीत मला हरामखोरांनी.”

“बरंच झालं,” पेंडसेबाई म्हणाल्या. “इथे नाहीतरी बाहेरच्या चपला चालत नाहीत.”

सबनीसांनी लिव्हर असं काही उचलून धरलं की इतका वेळ अंधारात असलेला सगळा भाग एकदम उजेडात आला. म्हाताऱ्याच्या हातात ताकद होती. फक्त तोंड थांबत नव्हतं. “तीस वर्षांत गर्भाशयाच्या वर मी गेलो नाही, आणि आज या वयात मला लिव्हर दाखवतायत.” असलं काय काय. मी ऐकत नव्हतो. पिशवीचं तोंड माझ्यासमोर होतं आणि त्याच्यापासून निघालेली नळी दिसत होती. पिशवी डावीकडे खेचली की ती नळी छान ताणली जायची. बारकीशी, सरळ, हाताशी आलेली. हाच फाटा. मी तिच्याखालून धागा घातला. सिस्टरकडे हात केला. गाठ मारायची आणि कापायचं. झालं, सुटलो.

“हे काय बांधतोयस?” सबनीसांनी विचारलं.

“फाटा, सर. पिशवीची नळी.”

“येते कुठून?”

“पिशवीतून.”

“जाते कुठे?”

“मोठ्या नळीत.”

“मोठी नळी कुठाय मग? दाखव.”

मला वैताग आला. अर्धा दिवस या पोटात गेला होता, खालून मशिनांची थरथर, बाहेर म्हातारीचा आवाज, आणि आता या बाळंतपणं करणाऱ्या माणसाला मी तोंडी परीक्षा द्यायची? “सर, तुम्हाला या भागातलं काही माहिती नाही,” मी जरा फटकून म्हणालो.

“नाहीच माहिती!” ते उखडले. “म्हणून तर विचारतोय. आमच्याकडे गर्भाशयाच्या शेजारून किडनीची नळी जाते. दिसायला शिरेसारखी. चुकून बांधली तर बाईची किडनी गेली. म्हणून आम्ही काहीही बांधायच्या आधी विचारतो, दोन्ही टोकं कुठायत? तू मला दोन्ही टोकं दाखव. मग बांध. मी काय, लिव्हर धरून उभाच आहे, पळून कुठे जातोय? चपला नाहीत माझ्या पायात.”

उत्तर द्यायचं म्हणून मी धाग्याने ती नळी हलकेच उचलली आणि दाखवायला निघालो. खालचं टोक आतड्याकडे जात होतं. बरोबर. वरचं टोक पिशवीत जायला हवं होतं. मी वर वर बोट नेत गेलो. नळी पिशवीच्या तोंडाला चाटून पुढे गेली. पुढे, आणखी पुढे. आणि सरळ लिव्हरमध्ये शिरली.

मी बोट खाली आणलं आणि पुन्हा वर नेलं.

“वर कुठे गेली?” सबनीस म्हणाले.

“लिव्हरमध्ये.”

“मग ती पिशवीची कशी?”

“नाही सर. पिशवीची नाही. हीच मोठी नळी आहे.”

 पिशवी डावीकडे असल्यामुळे मी ती खेचली तेव्हा मोठी नळीसुद्धा तिच्याबरोबर खेचली गेली होती आणि फाट्याचं सोंग घेऊन माझ्यासमोर उभी राहिली होती. खरा फाटा दोऱ्याएवढा बारीक, मोठ्या नळीच्या अंगावरून पलीकडे जाऊन मागून तिला जोडलेला. मला तो नुसता पडद्याचा तुकडा वाटला होता. ती एक गाठ मारली असती तर सुमनबाईंचा सगळा जन्म मी बांधून टाकला असता.  

मी धागा काढून टाकला. मोठी नळी सैल सोडली. मग पिशवी उलट्या बाजूने काढायला घेतली. आधी तिचा तळ लिव्हरपासून सोडवायचा आणि हळूहळू तोंडाकडे यायचं, म्हणजे शेवटी हातात पिशवी आणि तिचा फाटा एवढंच उरतं, दुसरं काही अडकत नाही. याला वेळ लागतो. लागू दे म्हटलं. प्रत्येक बारीक धागा बांधताना मी आपणहूनच सांगत होतो, “सर, ही शीर. इथून आली, पिशवीत गेली.” आणि सबनीस “हं” म्हणायचे. एकदा ते “हं” म्हणाले नाहीत. मी पुन्हा बघितलं. मग म्हणाले, “नाही, नाकाला खाज सुटली होती.”

शेवटी दोऱ्याएवढा फाटा बांधला, पिशवीच्या अगदी जवळ. कापला. मोठी नळी तिच्या जागी जाऊन बसली, अंगावर ओरखडा नाही. एक ड्रेन ठेवला, म्हणजे आत काही गळलं तर ते बाहेर येऊन कळावं म्हणून एक रबरी नळी. आणि पोट शिवलं. पेंडसेबाईंनी बाईंना जागं केलं. बाई कण्हल्या. मला तो आवाज फार गोड वाटला.

बाहेर जाऊन ट्रे दाखवला. चांदवानी अजून बाकावरच. सासूबाईंच्या मुठीत गाऊनचं टोक तसंच. चांदवानींनी बसल्या जागी पिशवी चिरली, खडे टपटप पडले. सासूबाईंनी ट्रेमध्ये वाकून बघितलं, मग सबनीसांकडे बघितलं. मला वाटलं, आता माफी मागतील.

“ही पिशवी हितं हाय,” त्या सबनीसांना म्हणाल्या. “मंग तुमी तवा काय काढलं?”

“काही काढलं नाही हो आजी,” सबनीस म्हणाले. “नळ्या बांधल्या होत्या.”

“कायच काढलं नाय?”

“काहीच नाही.”

“मंग येवढं पोट कशापायी फाडलं?”

सबनीसांनी आजींपुढे हात जोडले. मग माझ्याकडे वळून म्हणाले, “साठे, मला घरी सोड. आणि आधी मला कुठून तरी चपला आण.” टेंपो केव्हाच परत गेला होता, म्हणून चांदवानींनी आपल्या चपला काढून दिल्या. दोन नंबर मोठ्या होत्या. सबनीस त्या फरफटत माझ्या स्कूटरपर्यंत आले आणि ड्रम मांडीवर घेऊन अंबरनाथपर्यंत मागे बसले. वाटेत एकदाच बोलले. म्हणाले, हात बरा आहे तुझा, घाई वाईट आहे.

पुढचे काही दिवस मी रोज सकाळी सुमनबाईंच्या डोळ्यांत टॉर्च मारत होतो. डोळ्यांचा पांढरा भाग पिवळा दिसला की समजायचं, नळीला काहीतरी झालंय. पांढरा. दुसऱ्या दिवशी पांढरा. ड्रेनमधून हिरवं काही आलं नाही. मी ड्रेन काढला आणि त्या दिवशी घरी जाऊन पोटभर जेवलो. त्याआधी जेवण जातच नव्हतं, बायको विचारत होती, बाहेर खाऊन येता का म्हणून.

घरी जायच्या दिवशी सुमनबाईंनी विचारलं, “डॉक्टर, पिशवी डावीकडे होती म्हणतात. मग मला दुखायचं उजवीकडे का?”

“पिशवी कुठेही जाऊन बसली तरी तिच्या दुखण्याच्या वायरी जुन्याच जागी असतात,” मी म्हणालो. “पोटाला कोणी कळवलेलं नसतं.”

“म्हणजे तुम्हालाही कळवलं नव्हतं.”

“नाही बाई.”

त्या हसल्या आणि टाक्यांवर हात दाबून धरला. मग विलासला म्हणाल्या, “सबनीस डॉक्टरांकडे जाऊन पाया पड. आणि चपला परत कर.” विलासने टेंपोत राहिलेल्या सबनीसांच्या चपला नेऊन दिल्या. पाया पडला की नाही ते सबनीस कधी बोलले नाहीत, पण त्यानंतर त्यांच्याकडच्या अपेंडिक्सच्या केसेस माझ्याकडे यायला लागल्या.

आता धडा. लोकांना वाटतं, टेबलाशी जाणकार माणूस हवा. मला अनुभवाने कळलं, एक तरी न कळणारा हवाच. जाणकाराला उत्तर आधीच माहिती असतं, त्यामुळे तो विचारत नाही. म्हणून मी चांदवानींची कॉमेंटरी कायमची बंद केली आणि त्यांना नवं काम दिलं. मी काहीही बांधायच्या आधी त्यांनी रिट्रॅक्टर न सोडता विचारायचं, “साब, ये किधर से आया, किधर जा रहा है?” सुरुवातीला रुसले. मग इतके रमले की मी नुसता टाका घालायला लागलो तरी विचारायचे. मी रिटायर होईपर्यंत त्यांनी हा प्रश्न विचारला आणि प्रत्येक वेळी मी कुरकुर करत उत्तर दिलं. एक-दोनदा मला उत्तर देता आलं नाही. तेव्हा मी गाठ मारली नाही.